एका चिनी वंशावळीच्या कागदाची तपासणी: ठिगळासाठी सुरू झालेलं काम आणि त्यातून निघालेला वाद

पार्श्वभूमी

चीनच्या अनहुई प्रांतात अगदी दक्षिणेला हुईझोऊ म्हणून जुना मुलुख आहे, आज त्याचा बराचसा भाग हुआंगशान शहराच्या हद्दीत मोडतो. मिंग आणि छिंग राजवटीत (चौदाव्या शतकापासून विसाव्याच्या सुरुवातीपर्यंत) इथले व्यापारी मीठ, चहा, इमारती लाकूड असल्या धंद्यांत चीनभर पसरले, पैसा गावी पाठवला, आणि कागद जपायची सवय तर अशी की जमिनीचे करार, वाटणीपत्रं, हिशोबाच्या वह्या अशी लाखो कागदपत्रं या एका भागातून बाहेर आली आहेत. त्यातच येतात घराण्यांच्या वंशावळी. आपल्याकडे कुळवृत्तांत असतो ना, तसाच प्रकार. मूळपुरुष कोण, शाखा किती, कोण कुठे जाऊन राहिलं, कोण कोणाला दत्तक गेलं, कुणाचं थडगं कुठल्या डोंगरावर, सगळं. तीन पिढ्या वंशावळ नव्याने केली नाही तर पूर्वजांचा अनादर मानायचे, त्यामुळे ठराविक काळाने नवी आवृत्ती निघायची, बऱ्याचदा लाकडी खिळे, म्हणजे सुट्या अक्षरांचे ठसे, जुळवून छापलेली. (ही लाकडी खिळ्यांची छपाई आता इतकी थोड्या लोकांच्या हातात उरलीये की युनेस्कोने २०१० मध्ये ती तातडीने जपायच्या वारशाच्या यादीत टाकली.)

हे प्रकरण अशाच एका संचाचं. घराणं, गाव, संग्रहालय यांची नावं मुद्दाम देत नाहीये आणि ओळख पटेल असे तपशीलही गाळलेत. संच छापील, दोऱ्याने शिवलेला, प्रस्तावनेत ग्वांगशू काळ म्हणजे १८७५ ते १९०८ मधला उल्लेख. घराण्याने तो तालुक्याच्या ठिकाणच्या एका छोट्या संग्रहालयाकडे डागडुजीसाठी दिला होता आणि एप्रिलच्या सुरुवातीला छिंगमिंग येतो, पूर्वजांची थडगी झाडून पूजा करायचा दिवस, तेव्हा तो परत हवा होता. माझं काम मर्यादित होतं, कागदातले तंतू मायक्रोस्कोपखाली बघून ते कुठल्या झाडाचे ते सांगायचं, आणि तेही दुसरं मत म्हणून, पहिलं वाचन तिथल्याच टीमने केलेलं.

नेमकी अडचण

सुरुवातीला अडचण अशी काही वाटतच नव्हती. घराण्यातले सगळ्यात वयस्कर आजोबा ठामपणे सांगत होते की आमची वंशावळ शुआन कागदावर आहे, आणि संग्रहालयानेही तसंच लेबल करून ठेवलेलं. त्यात वावगं वाटावं असं काही नव्हतं कारण शुआन कागदाचं माहेरघर जिंगशियान तालुका हा हुईझोऊच्या उत्तरेला, जवळच. छिंगथान नावाच्या झाडाची आतली साल आणि लांब दांड्याच्या भाताचा पेंढा, दोन्ही उकळून, डोंगरउतारावर महिनोन्महिने उन्हापावसात पसरून पांढरं करून, मग कुटून केलेला हा कागद. २००९ मध्ये तो युनेस्कोच्या यादीतही आला. साल जास्त तर कागद चिवट आणि महाग, पेंढा जास्त तर मऊ आणि स्वस्त, असा साधारण हिशोब. चित्रकार आणि सुलेखनवाले याच्यावर जीव टाकतात, त्यामुळे आमच्या घराण्याचा कागद शुआन म्हणण्यात एक प्रतिष्ठा आहेच.

मग डागडुजी करणाऱ्या ताईंनी नेहमीप्रमाणे स्टॉकमधला पातळ शुआन घेतला, एका सुट्या कोऱ्या पानाला पडलेल्या किड्याच्या भोकावर गव्हाच्या खळीने ठिगळ लावून बघितलं. वाळल्यावर ठिगळाच्या कडेने पान गोळा झालं. ओलाव्यात दोन कागद वेगवेगळे फुगतात आणि वाळताना वेगवेगळे आक्रसतात, जास्त ताकदीचा कागद कमजोर कागदाला ओढतो, हे या कामातल्या कुणालाही माहीत असतं, पण त्यावरून प्रश्न हा पडला की हे पान जर शुआनच असेल तर शुआनचं ठिगळ त्याला एवढं ओढतंय का? शिवाय संचाकडे नीट बघितलं तर सगळे खंड एकसारखे नव्हतेच. बहुतेक पानं पिवळट तपकिरी, कडा दुमडली की तुटणारी. मधल्या एका खंडातली काही पानं मात्र पांढरी, मऊ, हाताला वेगळीच लागणारी. आणि एका पानावर हातभर अंतरावरूनही कळेल असं मोठं ठिगळ, जाडसर, त्याच्यावर शाईने हाताने लिहिलेली नावं.

काय काय करता आलं असतं

पहिला पर्याय, काहीच तपासू नका, थोडा आणखी पातळ शुआन घ्या, खळ पातळ करा आणि काम उरका. वेळेचं बघितलं तर हाच सोपा होता, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी हेच होतं.

दुसरा, कागदाला हात न लावता जे दिसतं तेवढंच बघायचं. पान उजेडासमोर धरून, कागद करताना लगदा ज्यावर उचलतात त्या बांबूच्या काड्यांच्या पडद्याच्या रेषा मोजायच्या, जाडी मोजायची, यूव्ही दिव्याखाली बघायचं. फुकटातलं काम आणि ते झालंही. रेषांवरून एवढं कळलं की पिवळी पानं आणि पांढरी पानं वेगवेगळ्या पडद्यांवर उचललेली आहेत. यूव्हीखाली ठिगळ निळसर पांढरं चमकलं नाही, म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर कागदात सर्रास घालतात ती पांढरेपणाची रसायनं त्यात नाहीत. पण झाड कुठलं ते यातून कळत नाही.

तिसरा पर्याय, अगदी छोटा नमुना घेऊन तंतूंची मायक्रोस्कोपी. ही पद्धत जुनी आहे, व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ युलिउस वीझनर यांनी १८८० च्या दशकात इजिप्तमधले जुने कागद याच रीतीने तपासून, ते कच्च्या कापसाचे आहेत हा तोवरचा समज खोडून काढला होता, मागाहून मध्य आशियातून आणलेले कागदही त्यांनी बघितले. चौथा पर्याय मोठ्या लॅबकडे पाठवायचा, तिथे कागदाचा कण तापवून फोडतात आणि निघणाऱ्या वाफेतल्या रेणूंवरून कुठली साल ते ओळखतात. तुती, छिंगथान अशा जवळजवळच्या सालींमध्ये फरक करायचा तर हे फार उपयोगी, पण रांग मोठी आणि खर्च कोण करणार.

तिसरा ठरला. माझ्या मते योग्यच ठरला, कारण प्रश्न फक्त एवढाच होता की ठिगळ कशाचं लावू? त्याला बांबू की साल की पेंढा एवढं कळलं तरी पुरतं.

पहिला निर्णय: नमुना कुठून

टीमने पहिल्यांदा मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूचा सुटलेला तुकडा घेतला, कारण तो आधीच सुटलेला होता आणि पानाला इजा करायची नाही हा नियम. स्लाइडवर जाड, लांब, भोवती पारदर्शक आवरण असलेले तंतू आले, कागदी तुतीचे. कागदी तुतीचा तंतू ओळखायला तसा सोपा, ६ ते ९ मिलिमीटरपर्यंत लांब, २०-३० मायक्रॉन रुंद, आणि ते झिरझिरीत आवरण टोकाशी सैल झालेलं दिसतं. म्हणजे शुआनही नाही आणि त्या ओढल्या गेलेल्या पानाचं स्पष्टीकरणही नाही! तासभर सगळे बुचकळ्यात. पण मुखपृष्ठ आणि आतला मजकूर यांचा कागद वेगळा असणं यात नवल काहीच नाही, बाहेर चिवट कागद आणि आत स्वस्त, असंच करायचे.

मग नीट नकाशा काढला, कुठल्या खंडाच्या कुठल्या पानावरून आणि का. या पुस्तकांचा एक फायदा असतो, पान दुहेरी दुमडलेलं असतं, छपाई फक्त बाहेरच्या बाजूला, त्यामुळे शिवणीच्या कडेला घडीच्या आत शिरलं की कोरी जागा मिळते जिथून दोन-चार तंतू उचलले तरी डोळ्याला कळत नाही. खळ लागलेली जागा टाळायची, हे आवर्जून ठरवलं. तंतू रंगवायला हर्झबर्गचं द्रावण वापरतात, झिंक क्लोराइड आणि आयोडीनचं, आणि आयोडीन स्टार्चला लागलं की निळंकाळं होतं हे शाळेत बटाट्यावर सगळ्यांनी केलेलं असतं. ठिगळाजवळच्या एका स्लाइडवर तेच झालं, निळेकाळे गोळे आणि त्यात तंतूंचा रंग काही वाचता येईना.

स्लाइडवर काय दिसलं

इथे थोडं सावकाश सांगतो कारण कामाची मजा इथेच आहे.

चिमट्याच्या टोकावर मावेल इतका कागदाचा रोवा, काचेच्या छोट्या नळीत पाण्यात उकळायचा, म्हणजे जुनी खळ आणि सरस सुटतो. मग थेंबभर पाण्यात स्लाइडवर ठेवून दोन सुयांनी तंतू एकेक मोकळा करायचा, हे जर घाईत केलं तर पुढे सगळा गुंताच बघायला मिळतो. पाणी टिपून घ्यायचं, द्रावणाचा एक थेंब, वर पातळ काच, जास्तीचं द्रावण टिपकागदाने ओढून घ्यायचं. रंग लगेच येतो आणि काही वेळाने फिका पडायला लागतो, त्यामुळे फोटो तिथल्या तिथे. आणि शेजारी त्याच बाटलीतल्या द्रावणाने रंगवलेली माहीत असलेल्या तंतूंची स्लाइड हवीच, कारण हे द्रावण उजेडात आणि दिवसांगणिक बदलतं, कालचा जांभळा आज निळा दिसू शकतो. कापूस, लिनन-हेम्पच्या जुन्या चिंध्या यांना दारूसारखा लाल रंग येतो, लिग्निन (झाडाच्या तंतूंना कडकपणा देणारा पदार्थ) काढून टाकलेल्या लगद्याला निळा जांभळा, आणि लिग्निन राहिलं असेल तर पिवळा.

पिवळट पानांचा निकाल पहिल्याच नजरेत लागला. बारीक, सरळ, ताठ तंतू, भिंत जाड आणि मधली पोकळी जेमतेम एक रेघ, लांबी साधारण दीड ते दोन मिलिमीटर. त्यांच्यात मध्येच पसरलेले रुंद नळ्यांचे तुकडे आणि पिंपाच्या आकाराच्या भरपूर पेशी. रंग काहींना पिवळसर हिरवा, काहींना निळसर, म्हणजे लिग्निन अर्धवटच गेलेलं. बांबू. नीट शिजवून, उन्हात पांढरा केलेला नव्हे, साधा स्वस्त बांबूचा कागद. यात खरंतर आश्चर्य काही नाही, दक्षिण चीनमध्ये मिंग काळाच्या उत्तरार्धापासून पुस्तकछपाईचा मोठा भार बांबूच्याच कागदावर होता. १६३७ साली सोंग यिंगशिंग या चिनी लेखकाने कागदाची जी कृती लिहून ठेवलीये तीही कोवळा बांबू तोडून १०० दिवसांहून जास्त पाण्यात भिजवण्यापासून सुरू होते. चित्रासाठी शुआन आणि छपाईसाठी बांबू, कारण छपाईला रीमच्या रीम लागतो.

पांढऱ्या पानांवर मात्र दोन मतं पडली. स्लाइडवर बारीक तंतू होते आणि दातेरी कडांच्या वरच्या सालीच्या पेशीही होत्या, त्या गवताच्या कुळातल्या झाडांच्या. टीममधल्या एकाचं म्हणणं, हा आधुनिक चित्रकलेचा कागद आहे, लोंगशू गवताचा. हे गवत म्हणजे आपल्याकडचं सबाई, ओडिशात मयूरभंजला ज्याचे दोर वळतात आणि बंगाल-ओडिशाकडच्या गिरण्यांनी ज्याचा कागद केला तेच. चीनमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याचा तयार लगदा वापरून शुआनसारखा दिसणारा कागद भरपूर बनायला लागला. गवत असूनही त्याचा तंतू सरासरी २ मिलिमीटरच्या आसपास लांब आणि खूप बारीक, त्यामुळे घाईत बघणाऱ्याला छिंगथानच्या सालीसारखा वाटू शकतो, आणि उलटही. ते जर गवत असेल तर ही पानं अलीकडे घुसवलेली, असा त्याचा अर्थ निघाला असता, आणि घराण्याच्या दृष्टीने तो भलताच मोठा.

माझ्याकडे फोटो आले ते खंडांची नावं काढून, नुसते क्रमांक टाकून. हे टीमने सुचवलं आणि बरं केलं, नाहीतर आजोबांचं म्हणणं डोक्यात ठेवूनच बघितलं जातं. मला एकाच स्लाइडवर दोन वेगळे समूह दिसत होते, एक लांब, लवचिक, लालसर झाक असलेला, दुसरा आखूड, जेमतेम १ मिलिमीटर, निळसर, आणि दातेरी पेशी या दुसऱ्याच्या सोबतीने. गवत एकटंच असतं तर रंग आणि रुंदी सगळीकडे साधारण एकसारखी मिळाली असती. साल अधिक भाताचा पेंढा असं ते मिश्रण, म्हणजे शुआन. तरी फोटोवरून पैज लावायची नाही म्हणून जिंगशियानहून आणलेला, कशाचा आहे ते माहीत असलेला कागद आणि लोंगशूचा लगदा, दोन्हींच्या स्लाइड त्याच दिवशी त्याच द्रावणाने करून बाजूला ठेवल्या. मग गवतवाल्यानेही मान्य केलं.

लांबीवर फार भरवसा ठेवू नये हेही इथे सांगायला हवं. कुटताना तंतू तुटतात, आणि जुन्या कागदातून नमुना उपटताना आणखी तुटतात, त्यामुळे पुस्तकात छापलेली सरासरी लांबी आणि स्लाइडवरची लांबी जुळेलच असं नाही. रुंदी, भिंत, टोकं, सोबतच्या पेशी आणि रंग, सगळं एकत्र बसलं तर बोलायचं.

टक्केवारी मागितली जाते, हा पण एक निर्णय होता. संग्रहालयाच्या वरिष्ठांना लेबलवर साल इतके टक्के, पेंढा इतके टक्के असं हवं होतं. आयएसओ ९१८४ या आंतरराष्ट्रीय मानकात मोजण्याची पद्धत आहे, ठरलेल्या रेषेवरून जाताना आडवा येणारा प्रत्येक तंतू मोजायचा आणि प्रत्येक जातीच्या वजनाच्या गुणकाने गुणायचं. पण ती कारखान्याच्या कागदासाठी, जिथे नमुना हवा तेवढा मिळतो. सुईच्या टोकावरच्या रोव्यावरून टक्के काढले तर आकडा दिसायला छान आणि अर्थाने पोकळ. 'साल आणि पेंढा, दोन्ही भरपूर' एवढंच लिहून दिलं. वरिष्ठ नाराज झाले, होऊदेत.

ठिगळ

आता ते मोठं ठिगळ. खळ नीट उकळून काढल्यावर स्लाइडवर जे आलं त्याच्यात वादाला जागाच नव्हती. रुंद, चपटे, पट्टीसारखे तंतू आणि त्यांच्या भिंतीवर ओळीने दुहेरी कडांची गोल छिद्रं. सूचिपर्णी लाकडाचा लगदा. लाकडापासून रासायनिक रीतीने लगदा काढणं १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेत जम धरायला लागलं आणि यंत्राचा कागद चीनमध्ये त्यानंतर पसरला. म्हणजे हा तुकडा त्याआधीचा असूच शकत नाही, आणि ग्वांगशू काळातल्या खेड्यातल्या छपाईवाल्याकडे असला कागद सापडणंही अवघडच.

टीमसाठी हा ठिगळ काढायचं की ठेवायचं एवढाच प्रश्न होता. पण त्या तुकड्यावर नावं होती. घराण्याच्या एका शाखेच्या मूळपुरुषाचं नाव आणि त्याचा बाप कोण ते नेमकं तिथेच, आणि दुसऱ्या शाखेचं फार जुनं म्हणणं असं की ती शाखा दत्तकाची आहे, रक्ताची नाही. हे टीमला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या शाखेतल्या एका काकांना रिपोर्टचा मसुदा दिसला, त्यांनी लगेच म्हटलं, बघा, शास्त्राने सिद्ध झालं, ती नावं मागून घुसवली.

ते सिद्ध झालेलं नव्हतं. कागद नंतरचा आहे म्हणजे त्यावरचं लिखाण नंतरचं, इथपर्यंत ठीक. पण लिखाण नंतरचं म्हणजे खोटं, हे कुठल्याही मायक्रोस्कोपमधून दिसत नाही. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत वंशावळी म्हणजे जुनाट सरंजामी कचरा ठरवून जाळल्या गेल्या, लोकांनी त्या भिंतीत, माळ्यावर, जमिनीखाली लपवल्या. आजोबांनी सांगितलं की हा संच त्यांच्या वडिलांनी धान्याच्या कोठारात लपवला होता, उंदरांनी कुरतडला, आणि नंतर वडिलांनीच फाटलेल्या भागावर मूळ नावं उतरवून ठेवली. असं असू शकतं. नसूही शकतं. तंतू दोन्हींच्या आड येत नाहीत.

इथे टीमपुढे तीन रस्ते होते. रिपोर्टमधून ठिगळाचा भागच काढून टाकायचा, म्हणजे भांडण टळेल. सगळं जसंच्या तसं देऊन टाकायचं आणि ते त्यांचं त्यांनी बघावं. नाहीतर निकाल ठेवायचा पण त्याच पानावर, त्याच ठळक अक्षरात लिहायचं की यावरून काय म्हणता येतं आणि काय नाही. पहिल्या रस्त्याला दोघांचा जोरात पाठिंबा होता आणि मला त्यांची अडचण कळते, त्यांना त्याच गावात राहायचंय. पण एकदा कळलेलं लपवलं की पुढे कुणीही त्या पानाला हात लावला तर ते बाहेर येणारच आणि मग सगळ्याच रिपोर्टवरचा विश्वास उडेल. शेवटी तिसरा घेतला. दोन्ही शाखांच्या लोकांना एकत्र बोलावून, स्क्रीनवर स्लाइड दाखवून, तोंडी समजावलं. काकांचं समाधान झालं असं म्हणता येणार नाही.

त्यांनी कार्बन-१४ करा, म्हणजे कागदातला हा कार्बन मोजून त्याचं वय काढा, म्हणून आग्रह धरला. त्याचा उपयोग अर्धवटच झाला असता. साधारण १६५० ते १९५० या काळातल्या वस्तूंची कार्बनवरून वय काढायच्या आलेखाची रेघ इतकी वरखाली होते की नेमकं वर्ष निघत नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला, त्यामुळे ठिगळाचा कागद त्यानंतरचा असेल तर ते मात्र कळलं असतं. म्हणजे वडिलांनी साठ-सत्तरच्या दशकात ताज्या कागदावर उतरवलं या गोष्टीला आधार मिळाला असता किंवा मिळाला नसता, पण कोरा जुना कागद घरात पडून असला आणि तो वापरला तर? आणि तारीख कळूनही दत्तकाचा प्रश्न तिथेच. त्यासाठी तुकडा कापायचा नाही असं ठरलं.

डागडुजी कशी झाली

पिवळ्या पानांसाठी बांबूचाच कागद हवा हे आता नक्की झालं, पण जुन्यासारखा अर्धवट शिजवलेला बांबू लावायचा तर त्यातलं लिग्निन आणि आम्लपणा पुन्हा आत घालणं आलं. पूर्ण शिजवलेला, पातळ बांबूचा कागद शोधला. बाजारातून शुद्ध बांबू म्हणून आणलेला पहिला नमुना वापरण्याआधी त्याचीही स्लाइड केली, आणि त्यात लाकडाचा लगदा मिसळलेला निघाला! ठिगळातले तेच दुहेरी कडांचे गोल. तो बाजूला ठेवला. झेजियांगमधला फूयांग भाग हाताने केलेल्या बांबूच्या कागदासाठी नावाजलेला आहे, तिथल्या एका छोट्या कार्यशाळेकडून मग हवा तसा मिळाला, तोही तपासून. चहाच्या पाण्याने रंग थोडा उतरवून, पातळ खळीने लावला. सुट्या पानावर आधी चाचणी, यावेळी कडा ओढली गेली नाही.

पांढऱ्या पानांना शुआन, मुखपृष्ठाला कागदी तुतीचा पातळ कागद. मोठं ठिगळ काढलं नाही, फक्त सुटलेल्या कडा चिकटवल्या. शुआनची पानं छापील बांबूच्या पानांमध्ये का आली, याचं उत्तर मजकुरातूनच मिळालं, ती हाताने लिहिलेली पुरवणी होती, एका श्रीमंत झालेल्या शाखेने स्वतःच्या खर्चाने जोडलेली. लेबलवरचा 'शुआन कागद' बदलून 'मुख्यतः बांबूचा कागद, काही पानं शुआन, एक दुरुस्ती लाकडाच्या लगद्याच्या कागदाने' असं झालं. आजोबांना ते फारसं रुचलं नाही, त्यांचा प्रश्न होता, मग आमचे पूर्वज गरीब होते का? त्यांना समजावलं की छापील वंशावळीला बांबू हाच रिवाज होता, भल्याभल्यांच्या वंशावळी त्यावरच आहेत.

छिंगमिंगला संच वेळेत पोचला नाही. दोन खंड तेवढे पूजेसाठी नेले, बाकी नंतर.

काय वेगळं करता येईल

नमुन्याचा नकाशा पहिल्या दिवशी हवा होता. सुटलेला तुकडा हाताशी आहे म्हणून तोच घ्यायचा, हा मोह सगळ्या लॅबमध्ये असतो, आणि त्या तुकड्याने पुस्तकाबद्दल काहीच सांगितलं नाही, फक्त मुखपृष्ठाबद्दल सांगितलं.

दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. नमुना घेण्याआधी मालकांशी बसून बोलायला हवं होतं की तपासणीतून काय काय निघू शकतं, पानं वेगवेगळ्या काळातली निघू शकतात, दुरुस्ती निघू शकते, आणि निघालं तर ते लिहिलं जाईल. आणि विचारायलाही हवं होतं की या पुस्तकातल्या कुठल्या पानावरून घरात भांडण आहे का. हा प्रश्न विचित्र वाटतो खरा, पण जमिनीचा दस्त असो की वंशावळ, कागद तपासायला येतो तेव्हा बरेचदा त्याच्यामागे काहीतरी असतंच. मसुदा एका शाखेच्या हातात आधी पडला हे तर टाळता आलंच असतं.

तिसरं, दुरुस्तीला आणलेल्या कागदाची स्लाइड. ती केली म्हणून बरं झालं पण ती योगायोगाने झाली, कुणाच्या तरी डोक्यात आलं म्हणून. त्या संग्रहालयात आता आलेल्या प्रत्येक नव्या कागदाच्या गठ्ठ्यातून एक तुकडा काढून, स्लाइड करून, गठ्ठ्याच्या क्रमांकासकट पेटीत ठेवतात.

महागड्या लॅबकडे न पाठवण्याचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो, टीममधल्या गवतवाल्याला नाही वाटत. त्याचं म्हणणं, पांढऱ्या पानांवर आपण दोघांनी डोळ्यांनी ठरवलं, रेणूंवरून ठरवलं असतं तर पुढे कुणी शंका काढली नसती. मी म्हणतो शुआनचं ठिगळ दोन्ही परिस्थितीत चाललं असतं. तो म्हणतो, हो, पण पुरवणी जुनी की नवी हे तर कळलं असतं ना. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे आणि म्हणूनच त्या पानांचे उरलेले तंतू लहान कुपीत, पानाचा क्रमांक लिहून, जपून ठेवलेत.

काका अजून अधूनमधून संग्रहालयात फोन करून कार्बनचं विचारतात.